वाटणीचं खोरं

एप्रिलमधली निरभ्र रात्र. उत्तर इटलीतल्या आदिजे नदीच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा ऐन बहरात आहेत आणि पारा शून्याखाली उतरू लागला आहे. अशा वेळी तिथला शेतकरी जे करतो ते प्रथम ऐकणाऱ्याला वेडेपणाच वाटतं. तो अंथरुणातून उठतो, बागेत येतो आणि त्या नाजूक फुलांवर पाणी सोडतो. तुषार गोल फिरू लागतात, पाणी पाकळ्यांवर पडतं आणि तिथेच गोठतं. पहाटेपर्यंत एकेका फुलाभोवती बर्फाचं पारदर्शक कवच चढलेलं असतं, फांद्यांवरून सुळके लोंबत असतात. आणि त्या बर्फाच्या आत फुलं जिवंत असतात!

यामागे शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, हे आपण पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. पण हिशेब उलटाही चालतो. एक ग्रॅम पाणी गोठतं तेव्हा तेवढ्याच 80 कॅलरी ते बाहेर टाकतं. गोठणाऱ्या पाण्याची ही ऊब फुलाला शून्य अंशाच्या आसपास धरून ठेवते. शून्य अंश फुलाला सोसतो. उणे दोनच्या खाली गेलं की मात्र आतला भाग काळा पडतो आणि फळ धरत नाही. अट एकच, पाणी मध्येच थांबता कामा नये. थांबलं, तर ओल्या बर्फावरून होणारं बाष्पीभवन उष्णता ओढून घेतं आणि न भिजवलेल्या फुलापेक्षा भिजवलेल्या फुलाची अवस्था वाईट होते. म्हणून ऊन वर येऊन बर्फ वितळायला लागेपर्यंत तुषार चालूच राहतात. या एका छोट्या प्रांतात सफरचंदाखाली सुमारे 18,000 हेक्टर जमीन आहे आणि इटलीत पिकणाऱ्या सफरचंदांपैकी जवळपास निम्मी इथली असतात. कडाक्याची एक रात्र चुकली तर किती पाण्यात जाईल, याचा अंदाज यावरून करावा.

या मुलखाला जर्मन बोलणारे ज्यूडटिरोल म्हणजे दक्षिण टिरोल म्हणतात आणि इटालियन बोलणारे आल्तो आदिजे. दोन्ही नावं सरकारी. क्षेत्रफळ सुमारे 7,400 चौरस किलोमीटर, वस्ती साडेपाच लाखांच्या आतली. दर दहा माणसांत जवळपास सात जर्मनभाषक, पाव हिश्शाहून थोडे अधिक इटालियन, आणि उरलेले चार-पाच टक्के लादिन नावाची, लॅटिनपासून निघालेली एक जुनी डोंगरी भाषा बोलणारे. पासपोर्ट सगळ्यांचा इटलीचा. गेली काही वर्षं इटली ज्याच्यावर जीव टाकते आहे तो टेनिसपटू यानिक सिन्नर इथलाच, आणि त्याची मातृभाषा जर्मन आहे.

आल्प्स म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बर्फ, गाई आणि स्वेटर येतात. मेरानो शहरात नदीकाठी ताडाची झाडं उभी आहेत. सायप्रस आहेत, ऑलिव्ह आहेत, कण्हेरीची झुडपं आहेत, आणि या सगळ्याच्या मागे मान वर केली की बर्फाची शिखरं. कारण भूगोलाचं आहे. प्रांताची राजधानी बोल्झानो समुद्रसपाटीपासून 262 मीटरवर, मेरानो 325 मीटरवर. म्हणजे आल्प्सच्या पोटात असूनही ही दोन्ही शहरं पुण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत. मेरानोच्या उत्तरेला टेक्सेल पर्वतरांग 3,000 मीटरच्या वर उठते आणि उत्तरेकडचा गार वारा अडवते. दक्षिणेला मात्र खोरं उघडं आहे, तिथून भूमध्य समुद्राकडची ऊब आत येते. उन्हाळ्यात दुपारी गार्दा सरोवराकडून ‘ओरा’ नावाचा वारा खोऱ्यातून वर चढतो. जुलैत बोल्झानो इतकं तापतं की इटलीतल्या सर्वांत उष्ण शहरांच्या यादीत त्याचं नाव येतं. आल्प्समध्ये जाऊन घाम पुसायची तयारी ठेवावी लागते ती अशी.

ही हवा एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांच्या ध्यानात आली आणि मेरानोचं नशीब फिरलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती एवढाच उपाय. शरद ऋतूत रोग्यांना मोजून द्राक्षं खायला देत, याला ‘द्राक्ष-उपचार’ म्हणत. द्राक्षांनी क्षय बरा होत नाही, पण हा पथ्याचा प्रकार रोगी तक्रार न करता पाळत असणार. 1870 साली ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ आपल्या अशक्त लहान मुलीला घेऊन इथल्या ट्राउटमान्सडोर्फ वाड्यात हिवाळा काढायला आली, आणि मग युरोपातल्या श्रीमंतांची रीघ लागली. त्याच वाड्याभोवतीच्या उतारावर 2001 पासून 12 हेक्टरचं वनस्पती उद्यान आहे.

शहराची आखणी आजही रोग्याच्या पावलांनी केलेली दिसते. पास्सर नदीच्या उन्हाच्या काठावर हिवाळ्यात फिरण्याची वाट आहे, समोरच्या सावलीच्या काठावर उन्हाळ्यातली. फ्रान्ट्स टापाइनर नावाच्या डॉक्टरने, जो वनस्पतिशास्त्रज्ञही होता, शहरामागच्या डोंगरउतारावर एक लांबलचक वाट बांधून ती शहराला दिली. चढ इतका सौम्य की दमलेल्या छातीलाही झेपावा. आज त्या वाटेवर रोगी नाहीत, निवृत्त जर्मन जोडपी आहेत.

1920 च्या एप्रिलमध्ये याच हवेसाठी फ्रान्झ काफ्का मेरानोत आला. प्राहाच्या मिलेना येसेन्स्का हिला लिहिलेली त्याची प्रसिद्ध पत्रं इथल्या मुक्कामात सुरू झाली. चार वर्षांनी, 1924 मध्ये, मेरानोत बुद्धिबळाची मोठी स्पर्धा भरली आणि तिथे खेळल्या गेलेल्या एका पद्धतीला ‘मेरान व्हेरिएशन’ हे नाव कायमचं चिकटलं. 2008 साली बॉनमध्ये विश्वनाथन आनंदने क्रामनिकला हरवून जगज्जेतेपद राखलं, त्या सामन्यातला तिसरा आणि पाचवा डाव त्याने काळ्या मोहऱ्यांनी याच मेरानमधून जिंकला. ज्यांनी ते डाव रात्री जागून पाहिले त्यांनी या गावाचं नाव नकळत शंभरदा तरी ऐकलं असेल.

मेरानोहून पश्चिमेला वळलं की विन्शगाऊ खोरं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या मुलखाची किल्ली तिथे आहे. दोन्ही बाजूंचे उंच डोंगर ढग अडवतात. वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस, काही ठिकाणी त्याहूनही कमी. डोक्यावर हिमनद्या आणि पायाखाली तहानलेली जमीन. त्यावर तिथल्या माणसांनी मध्ययुगापासून डोंगराच्या कडेने पाट काढले. या पाटाला ते ‘वाल’ म्हणतात. वरच्या ओढ्याला फोडायचं, आणि कड्याच्या बगलेतून, कुठे दगडात कोरून तर कुठे पोखरलेल्या लाकडी पन्हाळीतून, अगदी थोडा उतार ठेवत पाणी मैलोन्‌मैल आणायचं. अठराव्या शतकात खोदलेला मार्लिंगचा वाल सुमारे 12 किलोमीटर लांब आहे.

पाणी आणणं सोपं म्हणावं इतकं ते वाटणं अवघड. कुणाच्या शेताला कुठल्या वारी, किती तास पाणी, हे ठरलेलं असे. आपल्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीने सोडणारा पाटकरी असतो, तसाच इथे ‘वालर’. गावाने नेमलेला, पाटाशेजारच्या झोपडीत राहणारा. त्याच्या मदतीला एक यंत्र होतं, आणि त्याच्या साधेपणावर मी खरोखर फिदा आहे. पाटात लहानसं लाकडी पाणचक्र बसवायचं. चक्र फिरलं की एक हातोडी उचलली जाते आणि घंटेवर पडते. म्हणजे पाणी वाहतं आहे तोवर घंटा ठणठणत राहते. वालर झोपडीत निर्धास्त झोपतो, आणि घंटा थांबली की जागा होतो. पानांचा गाळ अडकला असेल, दरड पडली असेल, किंवा वरच्या कुणी रात्रीचं पाणी वळवलं असेल. ही घंटा काही वालांवर आजही ऐकू येते. बहुतेक शेतं आता तुषारावर गेली आहेत, पण वालच्या काठाची वालरची पायवाट फिरणाऱ्यांसाठी उरली आहे. पाण्यासाठी ठेवलेला तो मंद उतार गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांनाही सोयीचा पडतो.

ज्या लोकांनी पाणी तासांवर वाटलं, त्यांच्यावर विसाव्या शतकात भाषा वाटून घ्यायची वेळ आली. तिथवरचा रस्ता मात्र फार वाईट होता.

मेरानोच्या वरच्या टेकडीवरच्या किल्ल्याचं नाव टिरोल; अख्ख्या प्रदेशाला नाव त्यानेच दिलं. 1363 पासून हा मुलूख हाब्सबुर्ग राजघराण्याकडे होता. 1915 मध्ये इटलीने पहिल्या महायुद्धात उतरण्यासाठी दोस्तांशी लंडनला गुप्त करार केला, त्यात ब्रेनर खिंडीपर्यंतचा भाग मागून घेतला. 1919 च्या तहाने तो मिळाला आणि 10 ऑक्टोबर 1920 ला रीतसर जोडला गेला. तेव्हा इथे इटालियन बोलणारे जेमतेम तीन टक्के होते. काफ्का मेरानोत फिरत होता तो नेमका या दोन तारखांच्या मधला काळ: सैन्य इटलीचं, कायद्याचा शिक्का अजून बाकी.

मग मुसोलिनी आला. जर्मन शाळा बंद झाल्या. एत्तोरे तोलोमेई नावाच्या माणसाने आधीच तयार करून ठेवलेल्या यादीतून हजारो गावं, ओढे, शिखरं यांना इटालियन नावं मिळाली. ‘टिरोल’ या नावावरच बंदी आली. थडग्यांवर नवा जर्मन मजकूर कोरायलाही मनाई झाली. मुलांना जर्मन शिकवायचं तर गोठ्यात, माळ्यावर, चोरून. या वर्गांना लोक ‘कॅटकूम्ब शाळा’ म्हणत. शिकवणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या आणि पकडल्या गेल्या तर तुरुंग होता. त्यानंतर बोल्झानोत कारखाने उभारून दक्षिणेकडून इटालियन कामगार आणले गेले. 1939 मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी मिळून माणसांपुढे प्रश्न टाकला: जर्मन राहायचं असेल तर घरदार सोडून जर्मनीत जा, इथे राहायचं असेल तर इटालियन व्हा. ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी जाण्याची निवड केली, प्रत्यक्षात सुमारे 75,000 गेले. घराघरांत भाऊ भावाशी बोलेनासा झाला. ही जखम पुढे कित्येक वर्षं कुणी उघडून दाखवत नसे.

युद्धानंतर 1946 मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांनी पॅरिसला करार केला, स्वायत्ततेचं वचन मिळालं. पण रोमने हा प्रांत शेजारच्या इटालियनबहुल त्रेंतोला जोडून टाकला, म्हणजे स्वायत्तता आली ती अल्पसंख्य होऊनच. 1957 मध्ये बोल्झानोजवळच्या जिगमुंड्सक्रोन किल्ल्यात हजारो लोक जमले. महायुद्धात एक पाय गमावलेला नेता सिल्व्हिउस माग्नागो त्यांच्यापुढे उभा राहिला आणि त्रेंतोपासून सुटका मागितली. (त्याच किल्ल्यात आता गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नरचं पर्वत-संग्रहालय आहे, तोही इथलाच.) 1961 च्या जूनमधल्या एका रात्री तीन डझनांहून अधिक विजेचे मनोरे स्फोटाने पाडले गेले, आणि पुढच्या वर्षांत माणसंही मेली. ऑस्ट्रियाने त्याआधीच प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता. युरोपातल्या अशा कहाण्या पुढे कुठे जातात हे आपल्याला बाल्कनमधून ठाऊक आहे. इथे ती तिकडे गेली नाही. 1972 मध्ये दुसरा स्वायत्तता कायदा आला, त्याची कलमं वीस वर्षं एकेक करून अमलात आली, आणि 1992 मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं जगाला कळवलं.

हे कसं साधलं? गळ्यात गळे घालून तर नक्कीच नाही. सरकारी नोकऱ्या तिन्ही भाषिक गटांत त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. नोकरी हवी तर दोन्ही भाषांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. गोळा होणाऱ्या करांचा फार मोठा भाग, साधारण नव्वद टक्के, प्रांतातच राहतो. पैसा असला की समंजसपणा परवडतो, हे इथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शाळा वेगळ्या: जर्मन शाळेत इटालियन दुसरी भाषा, इटालियन शाळेत जर्मन दुसरी, आणि लादिन खोऱ्यांत दोन्ही भाषा बरोबरीने, जोडीला लादिन. कुणाचं पाणी कुणी वळवू नये म्हणून आधी घंटा बांधायची, भांडण नंतर बघू, असा हा जुना शेतकरी हिशेब मला यात दिसतो.

या हिशेबाला विरोध करणारा एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. आलेक्झांडर लांगर. याच प्रांतात 1946 मध्ये जन्मलेला, हरित चळवळीचा, पुढे युरोपीय संसदेत गेलेला. माणसाने स्वतःला जर्मन, इटालियन की लादिन या चौकटीत नोंदवायचं, ही कल्पनाच त्याला मान्य नव्हती. 1981 च्या जनगणनेत त्याने नोंद करायला नकार दिला. 1995 मध्ये बोल्झानोच्या महापौरपदासाठी त्याची उमेदवारी याच कारणावरून बाद झाली. त्याचा मुद्दा आजही टोचतो: एकाच गल्लीतली दोन मुलं बालवाडीपासून वेगळ्या दारांनी जात असतील तर शांतता आहे, शेजार कुठे आहे? बोल्झानोत 1997 साली सुरू झालेलं विद्यापीठ जर्मन, इटालियन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत शिकवतं, पण तोवर मुलं अठरा वर्षांची झालेली असतात. लांगर बरोबर होता असं मला वाटतं. आणि वाटणी नसती तर लांगरचा मुद्दा ऐकून घेण्याइतकी शांतता इथे राहिली नसती, हेही वाटतं.

बोल्झानोच्या चौकात हे सगळं दगडात वाचता येतं. मध्ययुगीन जर्मन कवी वाल्टर फॉन डेअर फोगेलवायडे याचा पुतळा 1889 मध्ये मुख्य चौकात बसवला गेला. त्याला उत्तर म्हणून 1896 मध्ये, तेव्हा ऑस्ट्रियातच असलेल्या त्रेंतोमध्ये, इटालियनांनी दान्तेचा पुतळा उभारला, हात उत्तरेकडे केलेला. फॅसिस्टांनी 1935 मध्ये वाल्टरला चौकातून हलवून एका बागेत पाठवलं. तो परत आला 1981 मध्ये. कवींनी भांडणात पडू नये म्हणतात, पण पुतळ्यांना कोण विचारतो!

बोल्झानोच्या संग्रहालयात आणखी एक रहिवासी आहे, ज्याची कुठल्याच गटात नोंद नाही. 19 सप्टेंबर 1991 ला एका जर्मन जोडप्याला 3,210 मीटरवरच्या टिसेनयोख खिंडीजवळ बर्फात एक प्रेत दिसलं. कुणी हरवलेला गिर्यारोहक असेल असं आधी वाटलं. तो निघाला सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा, तांब्याची कुऱ्हाड जवळ असलेला, खांद्यात बाणाचं टोक रुतलेला. ओट्झी. मग मोजणी झाली आणि तो सीमेपासून 92.56 मीटर आत, इटलीच्या हद्दीत सापडल्याचं ठरलं. आता तो उणे सहा अंशांच्या खोलीत, एका लहान खिडकीतून दिसतो.

जायचं असेल तर व्हेरोनाहून ब्रेनरच्या मार्गावरची गाडी बोल्झानोला दोनेक तासांत पोहोचवते, तिथून मेरानोला लहान गाडी. एप्रिलमध्ये बहर असतो, ऑक्टोबरमध्ये नवी वाइन आणि भाजलेली चेस्टनट. शाकाहारी असाल तर पालक आणि चीजचे अर्धचंद्राकृती श्लुट्सक्राफन मागा. क्नोडेल मागताना मात्र आत श्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस, नाही ना हे आधी विचारा. संध्याकाळी बोल्झानोतून पूर्वेला रोझेनगार्टन डोंगर गुलाबी होताना दिसतो. तो डोलोमाइटचा आहे, वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उबदार समुद्रातल्या प्रवाळांच्या काळातला. आपला सह्याद्री त्याच्यापुढे सहा-साडेसहा कोटींचा, तसा तरुणच.

आणि बोल्झानोत एकच दिवस हातात असेल, तर ओट्झीच्या रांगेत उभं राहण्याआधी तालफेर नदीपलीकडच्या विजयस्मारकाकडे जा. मुसोलिनीच्या राजवटीने 1928 मध्ये जर्मनभाषकांना डिवचण्यासाठी बांधलेली ती पांढरी कमान दोन्ही बाजूंमध्ये कित्येक दशकं वादाचं कारण राहिली. ती पाडली नाही. 2014 मध्ये तिच्या तळघरात प्रदर्शन उघडलं. ही कमान का बांधली, कुणाला दुखावण्यासाठी बांधली आणि त्यानंतर नाझींनी इथे काय केलं, हे तिथे सरळ सांगितलं आहे, जर्मन, इटालियन आणि इंग्रजीत. प्रवेश विनामूल्य आहे.